चार मणी की अख्खा घड?

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलणं होत नाही म्हणून लिहिते आहे. आई फोन स्पीकरवर टाकते, बाबा तेवढ्यात गॅलरीत निघून जातात आणि मागून वहिनीच्या भांड्यांचा आवाज जरा जास्तच यायला लागतो. मग आपण उन्हाबद्दल बोलतो. नाशिकला वाढलं, पुण्यातही वाढलं. झालं, ठेवते.

गुंड्या जेवायला लागला, जिन्यात मांजरावर भुंकला, हे दादाकडून कळलं. म्हणजे कुत्रा सुधारला. घराचं काही खरं दिसत नाही. बाबा सातलाच एकटे जेवून घेतात. वहिनी कामावर जाताना गुंड्याला स्वतःच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घालते. ओम मधल्या पॅसेजमध्ये वही घेऊन बसतो, कारण कुठल्या खोलीत बसलं तर कोणाची बाजू घेतल्यासारखं होईल हे त्या दहा वर्षांच्या पोराला कळायला लागलंय. आई, तू मला दुपारी हळू आवाजात हे सगळं सांगतेस आणि शेवटी 'तू मात्र काही बोलू नकोस हं' अशी तंबी देतेस. या खेपेला बोलणार आहे.

बाबा, आधी तुमची बाजू. तुम्ही गुंड्याला द्राक्षं घातलीत यात मला काही गुन्हा दिसत नाही. पिंपळगावहून मामाची पेटी आली, तुम्ही दरवर्षीसारखे गॅलरीत पेपर पसरून निवडायला बसलात. चांगले घड आईच्या टोपलीत, शेजारपाजारचे वेगळे आणि तडकलेले, देठापासून सुटलेले मणी स्टीलच्या ताटलीत. ती ताटली आमच्या लहानपणी आमची असायची, दादा आणि मी तिच्यावरून भांडायचो. आता ती गुंड्याची. निफाड-दिंडोरीकडे बागेत राखणीला कुत्री असतात, गळालेले मणी खातात आणि बांधावर झोपतात. त्या गावात वाढलेल्या माणसाला द्राक्ष हे कुत्र्याचं विष आहे असं सांगितलं तर त्याला हसूच येणार. डॉक्टरांना तुम्ही हेच सांगितलंत, वर 'गावठी कुत्रं आहे, त्याला काही होत नसतं' असंही म्हणालात.

गंमत अशी की तुमचं निरीक्षण चुकीचं नाही. बऱ्याच कुत्र्यांना काही होत नाही. एखादं भरपूर खाऊनही ठणठणीत राहतं आणि दुसऱ्याची किडनी दोन-तीन दिवसांत बसते. म्हणून तर हे इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. मी त्या आठवड्यात बरंच वाचलं. अमेरिकेत प्राण्यांच्या विषबाधेसाठी एक फोन केंद्र आहे. तिथल्या जुन्या नोंदी चाळताना द्राक्षं आणि बेदाणे खाल्लेली कुत्री किडनी निकामी होऊन दगावल्याचं दिसलं आणि 2001 मध्ये ते पशुवैद्यकांच्या नियतकालिकात छापून आलं. पण द्राक्षातलं नेमकं काय बाधतं, ते पुढे वीस वर्षं कळेना. कोणी बुरशी म्हणे, कोणी फवारणीची औषधं. 2021 मध्ये त्याच केंद्रातल्या लोकांना धागा सापडला, तोही द्राक्षात नाही. मुलांना खेळायला घरी मळलेला पिठाचा गोळा कुत्र्यांनी खाल्ला होता. त्यात क्रीम ऑफ टार्टार, म्हणजे केक-बिस्किटांत घालतात ती आंबट पूड होती आणि किडनीचं चित्र हुबेहूब द्राक्षांसारखंच.

टार्टारिक आम्ल, बाबा! लिंबात सायट्रिक, दह्यात लॅक्टिक, चिंचेत आणि द्राक्षात टार्टारिक, हे फळ्यावर तुमच्याच अक्षरात बघितलंय मी. माणसाची किडनी ते बाहेर टाकते, कुत्र्याच्या किडनीला ते तितकं साधत नाही, असा आजचा अंदाज आहे. द्राक्षाची जात, पिकलेपण यावर त्याचं प्रमाण बदलतं, म्हणून एका घडाने काही होत नाही आणि दुसऱ्याने होतं. तुम्ही निवृत्त झाल्यावर जे समजलं ते तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून कोणी तुम्हाला बोल लावू नये. दादाने लावला, त्याला मी तेवढ्यापुरतं झापलंय.

(आई, चिंचेतही तेच आम्ल आहे. तेव्हा आमटी कालवलेला उरलेला भात त्याच्या पुढ्यात टाकायचा नाही. कांदा-लसणाची भाजीही नाही, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिऱ्यातले बेदाणे तर नकोतच, वाळल्यामुळे त्यात सगळं आटून घट्ट झालेलं असतं. त्याला साधी भाकरी आणि बिनमिठाचं उकडलेलं अंडं दे, तेवढ्यावर तो तुझ्या पायाशी लोळेल.)

आता दुसरी बाजू. डॉक्टरांनी विचारलं, किती खाल्ली? तुम्ही म्हणालात, चार-पाच मणी असतील. डॉक्टर मान डोलावून इंजेक्शन भरायला लागले. तेव्हा ओम म्हणाला, "नाही आजोबा, अख्खा घड होता. आणि मग ताटलीतले पण."

बाबा, वहिनीचं बिनसलंय ते इथे. द्राक्षांवरून नाही. तुम्हाला सगळे सांगतायत की ती कुत्र्यासाठी सासऱ्यांवर चिडली. मी तिच्याशी तासभर बोलले, ती द्राक्षांबद्दल एक अक्षर बोलली नाही. ती म्हणाली, "ताई, डॉक्टर विचारत असताना बाबांनी आकडा कमी केला." बस, एवढंच. गुंड्याचं वजन बारा किलो. किलोमागे वीसेक ग्रॅम द्राक्षांनीही किडनी बिघडल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे त्याच्यासाठी पाव किलोच्या आतबाहेर. मामाकडचा एक बरा घड तेवढा सहज भरतो. बेदाण्यांचं तर एक मूठभर पुरे. त्यातही इतक्यापर्यंत चालतं असं छातीठोक सांगणारा आकडा कोणाकडे नाही, आणि यावर उतारा नाही. पहिल्या काही तासांत उलटी करवून पोट रिकामं करायचं, ती वेळ तुमची दुपारच्या झोपेत आणि संध्याकाळी 'ऊन लागलं असेल' म्हणण्यात गेली होती. राहतं काय, तर सलाईन लावून किडनी धुतल्यासारखी ठेवायची आणि रोज रक्त तपासायचं. ओम बोलला म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवण्याऐवजी डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात साठतं ते, चढलेलं आलं. म्हणजे तो रात्रभर घरी पलंगाखाली पडून राहिला असता तर काय झालं असतं, ते तुम्हीच बघा.

आणि त्या पोराशी तुम्ही बोलत नाही. चहाडखोर म्हणालात त्याला. हे मला अजिबात पटलेलं नाही. प्रयोगवहीत कोणी उत्तर जुळवून रीडिंग लिहिलं तर तुम्ही पान फाडायला लावायचात. माझंही फाडायला लावलंय. उत्तर चुकलं तरी चालेल, काट्यावर जे दिसलं ते लिहा, हे तुमचंच. ओमने काट्यावर जे दिसलं ते सांगितलं. शिक्षा तुम्ही त्याला देताय. काल मला फोनवर विचारत होता, "आत्या, आजोबा या रंगपंचमीला मला तिवंधा चौकात रहाड बघायला नेणार नाहीत का?" मी म्हटलं, नेतील. तेव्हा त्या रंगाच्या हौदापाशी त्याला न्या.

तुम्ही आकडा का कमी केलात तेही मला ठाऊक आहे. सुनेसमोर, नातवासमोर, आणि त्या तिशीतल्या डॉक्टरसमोर कमीपणा वाटला. ज्याला आख्खा वर्ग 'सर' म्हणून उभा राहायचा, त्याला 'काय खायला घातलंत?' असं कोणी उभ्याउभ्या विचारावं, हे झोंबलं. झोंबणारच. पण तुमचं प्रेम कोणी नाकारलेलं नाही, हेही ऐका. दवाखान्यातून घरी आणल्यावर डॉक्टर म्हणाले होते, लघवी होतेय ना यावर लक्ष ठेवा, ती थांबली तर अवघड. तुम्ही त्या रात्री त्याच्याबरोबर खाली चकरा मारत बसलात, गुडघे दुखत असताना. पहाटे तुमचा फोन आला. मला वाटलं संपलं. आणि तुम्ही ओरडून सांगत होतात, "केली गं, केली! पाटलांच्या गाडीच्या चाकावर केली!" मी ह्यांना उठवून सांगितलं. वहिनीलाही सांगितलं. ती आधी हसली आणि मग रडली. तुम्हाला हे कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

आई, आता तुझ्याकडे वळते. तुझंही थोडं आहे. त्या संध्याकाळी तू मिठाचं पाणी पाजून उलटी करवू या म्हणालीस आणि वहिनीने तुझ्या हातातून पेला काढून घेतला. तुला ते उद्धट वाटलं. पण मिठाने कुत्र्याच्या अंगात सोडियम इतकं चढतं की त्याला झटके येऊ शकतात, डॉक्टरांनी तिला फोनवर आधीच बजावलं होतं. एरवी ती तुला विचारल्याशिवाय कुकरही लावत नाही. त्या वेळी तिला समजावत बसायला सवड नव्हती. आणि ते बिलाचे पैसे पाकिटात घालून टीव्हीवर ठेवायची कल्पना बाबांची की तुझी? कोणाचीही असो, वाईट होती. तिने पाकीट परत ठेवलं तर तो 'माज' आणि घेतलं असतं तर 'बघा, घेतलेन'. पैसे द्यायचेच असतील तर समोर बसून, चहा पिताना, बोलून द्या. नाहीतर पुढच्या तपासणीचे तुम्ही भरा, सोपं आहे.

आता जे लिहायला खरं तर हे सगळं लिहितेय ते.

गुंड्याचा रिपोर्ट घरात फ्रिजवर लावलाय. क्रिएटिनिन किती होतं, किती उतरलं, ओम लाल पेनाने गोल करतो. बाबा, तुमचा जानेवारीतला रिपोर्ट विम्याच्या जुन्या डायरीत घडी घालून ठेवलेला आहे. तो मला आईने दाखवला नाही, डायरीत मी पत्ता शोधत होते. त्यातही क्रिएटिनिन आहे, आणि ते कंसातल्या नॉर्मल आकड्यांच्या बाहेर आहे. आम्हाला तुम्ही 'सगळं नॉर्मल' म्हणाला होतात. साखरेचंही तसंच, उपाशीपोटीची सांगता, जेवणानंतरची सांगत नाही. आणि गुडघ्यासाठी त्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तुम्ही स्वतःच आणता त्या गोळ्या तुमच्या डॉक्टरांना माहीतच नाहीत. साखर असलेल्या माणसाने दुखण्याच्या गोळ्या रोज खाल्ल्या तर पहिला मार किडनीवर बसतो, हे तुम्हाला मी काय शिकवावं. जाता जाता, त्या गोळ्यांची पट्टी टीपॉयवर असते, तीही गुंड्याच्या तोंडाच्या उंचीवर. आपल्या साध्या दुखण्याच्या गोळ्याही कुत्र्याला महागात पडतात. उचलून वर ठेवा, किंवा त्याहून बरं, टाकून द्या.

वहिनीला तुमच्या डायरीतलं माहीत नाही. तिला नुसता संशय आहे. ती मला म्हणाली, "कुत्र्याचा आकडा लपवला, तसा उद्या स्वतःचा लपवतील आणि आम्हाला आयसीयूत कळेल." ही तुमच्यावर चिडलेली सून नव्हे, बाबा. मी तिच्या जागी असते तर जास्त आरडाओरडा केला असता.

गुरुवारी गुंड्याची परत तपासणी आहे, संध्याकाळी. वहिनीला सुट्टी मिळत नाहीये आणि दादा सिन्नरला असतो. तुम्ही आणि ओम रिक्षाने घेऊन जा. डॉक्टरांनी काही विचारलं तर ओमला बोलू द्या, मग तुम्ही बोला. शुक्रवारी मी येतेय, शनिवारी आपण दोघं तुमच्या डॉक्टरांकडे जाऊ. अपॉइंटमेंट घेतली आहे, आता नाही म्हणू नका. गोळ्यांची पट्टी बरोबर घ्यायची.

मामाला फोन झाला. यंदाची दुसरी पेटी तो ओझरला मावशीकडे पाठवतोय. त्याच्या बागेतल्या कुत्र्याचं ऐकून तो काळजीत पडला आहे, त्याच्याशी तुम्हीच सविस्तर बोला, टार्टारिक तुम्ही जास्त नीट समजावाल.

आई, कुरडया करू नकोस एवढ्यात. मी आल्यावर करू, वहिनीलाही घेऊ, ती चीक छान घोटते.

तुमची,
सुमी

ता. क. बाबा, डायरीतल्या त्या रिपोर्टचा फोटो आज रात्री मला पाठवा. पूर्ण पान. वरचा अर्धा नको.