बाबा, ती पावती अजून माझ्या पर्समध्ये आहे

आई, बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

परवा फोनवर मी जरा जास्तच बोलले आणि बाबा तुम्ही फोन ठेवून दिलात, तेव्हापासून ड्युटीवर पण तेच डोक्यात घेऊन फिरतेय. परत फोन केला तर परत तेच होणार, मी चिडणार, तुम्ही गप्प बसणार आणि मधल्यामधे आईचं बीपी वाढणार. म्हणून लिहितेय. आई, चष्मा लावून बाबांना मोठ्याने वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस, मला माहितीये तू गाळतेस.

मखमलाबादच्या काकांच्या मातीला आले त्याला आता तीन आठवडे झाले. त्या दिवसाचं एक चित्र डोळ्यापुढून हलतच नाहीये. दफनभूमीच्या गेटबाहेर ॲम्ब्युलन्स उभी, पाऊस असा की समोरचं दिसेना, काकू ॲम्ब्युलन्सच्या मागच्या पायरीवर बसलेल्या, साडीचा काठ चिखलात आणि त्यांना शुद्धच नाही त्याची. आणि आत वॉचमनच्या खोलीत टेबलावर आपल्या चर्चच्या पंचकमिटीचं, तुम्ही खजिनदार म्हणून ठेवता ते रजिस्टर उघडं. वर्गणी २०१९ पासून थकलेली, महिना शंभर प्रमाणे सहा वर्षांचे ७,२००, दफनाची फी वेगळी, शिवाय माफीचा अर्ज, कारण पोरीने बाहेरच्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं आणि काकांनी ते मान्य केलं. एक पंच म्हणाले आज रविवार आहे, उद्या सोमवारी मिटिंग घेऊ, बॉडी ठेवा तोपर्यंत सिव्हिलला. साडेतीन तास बाबा. साडेतीन तास काका गाडीत होते.

शेवटी पैसे भरले कोणी तर जावयाने. ज्याच्यामुळे एवढं सगळं झालं म्हणता तोच पोरगा भिजत एटीएम शोधायला गेला, पहिल्यात कॅश नव्हती, दुसऱ्यातून काढून आणली, नोटा ओल्या झाल्या होत्या म्हणून शर्टाच्या आतल्या बाजूला पुसून त्याने टेबलावर ठेवल्या. तुम्ही त्या मोजल्या. दोनदा मोजल्या. मग कार्बन नीट लावून पावती फाडली, मृताचं नाव, थकीत वर्गणी, अक्षरी रुपये सात हजार दोनशे फक्त. त्या पोराने पावती हातात पण घेतली नाही, तो सरळ खांदा द्यायला गेला. पावती टेबलावरच राहिली, मी उचलली. अजून माझ्या पर्समध्ये आहे.

आणि मी काय केलं, तर मी पण तिथेच उभी होते. माझ्याकडे पण एटीएम कार्ड होतं. तुमच्यासमोर, सगळ्या पंचांसमोर आपल्या बाबांना खाली बघायला लावायचं कसं म्हणून गप्प राहिले. ते मला जास्त खातंय.

तुम्ही फोनवर म्हणालात की नियम नसेल तर आपल्या चर्चची मंडळी चालणार कशी, वॉचमनचा पगार, कंपाऊंडचं काम, जागा संपत आली आहे, एकाला सोडलं तर उद्या सगळेच थांबतील. बाबा हे खोटं नाहीये. तुम्ही खजिनदार झाल्यापासून एका पैशाचा घोळ नाही, हे सगळे मानतात, मी पण मानते. तीस वर्षं तुम्ही नाशिकरोडच्या नोटा-स्टॅम्प छापणाऱ्या सरकारी प्रेसला काढली, जिथे एक कागद कमी भरला तरी हिशोब लागेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. लहानपणी तुम्ही रात्री उशिरा आलात की आई म्हणायची आज मोजणी जुळली नसेल. तुमचा प्रामाणिकपणा तिथूनच आलाय आणि त्यावरच आम्ही दोघं भावंडं शिकलो. पण काका म्हणजे कमी भरलेला कागद नव्हते ना.

आता जे फोनवर बोलायचं राहिलं ते सांगते. तुमच्या रजिस्टरमध्ये काकांच्या नावापुढे वर्षांचे रकाने आहेत आणि प्रत्येकात लाल पेनाने थकीत लिहिलंय. २०२१ च्या रकान्यात पण. बाबा, २०२१ चा एप्रिल आठवा. नाशिकमध्ये बेड मिळत नव्हते, तुमचं ऑक्सिजन ८४ वर आलं होतं, मी पुण्यात कोविड वॉर्डात अडकलेली, दादाला यायला पास मिळेना, आई एकटी फोन लावतेय, ॲम्ब्युलन्सवाला म्हणतो चार तास लागतील. तेव्हा रात्री दीड वाजता कोण आलं? रिक्षाला मधे प्लास्टिकचा पडदा बांधून काका आले. चार हॉस्पिटल फिरले तुम्हाला घेऊन. आई मागे तुम्हाला धरून बसलेली आणि ते प्रत्येक गेटवर उतरून हात जोडून विचारत होते. पाचव्या ठिकाणी पहाटे बेड मिळाला. आईने पैसे पुढे केले तर म्हणाले वहिनी, आधी माणूस घरी येऊ द्या. आणि बाबा, त्या वर्षी लॉकडाऊनमुळे रिक्षाला प्रवासीच मिळत नव्हते, त्यांच्या घरात किराणा भरायला पैसे नव्हते, आईनेच पीठ आणि तांदूळ पाठवले होते. शंभर रुपये महिना कुठून भरणार होते ते?

ते यायचे का थांबले हे पण तुम्हाला माहितीये. पोरीच्या लग्नानंतर त्यांना प्रभुभोजन, ती भाकर आणि द्राक्षारस, बंद केलं. दोन रविवार ते शेवटच्या बाकावर बसून राहिले, सगळे उठून पुढे गेले की हे एकटे खाली बघत बसलेले. तिसऱ्या रविवारी आले नाहीत. आपण लिहिलं की सभासद गैरहजर.

तुम्हीच मला संडे स्कूलला घातलं, वचनं पाठ करून घेतली, चुकलं की परत पहिल्यापासून. म्हणून वचनातूनच बोलते. लूक १३ मध्ये ती बाई आहे ना, १८ वर्षं कमरेत वाकलेली, येशूने तिला शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवशी सरळ उभं केलं. तर सभास्थानाचा अधिकारी चिडून लोकांना काय म्हणतो? काम करायला सहा दिवस आहेत, त्या दिवशी या आणि बरे व्हा. गेटवर आज रविवार आहे, उद्या या, हे ऐकलं तेव्हा मला तेच आठवलं आणि अंगावर काटा आला. येशू त्याला विचारतो की तुम्ही शब्बाथाला बैल नाहीतर गाढव दाव्याचं सोडून पाण्यावर नेत नाही का. जनावराला पाणी चालतं तर ह्या बाईला का नाही, एवढं साधं.

आणि मत्तय २३ तुम्हाला माझ्याहून चांगलं पाठ आहे. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश मोजून देता आणि न्याय, दया, विश्वास ह्या मोठ्या गोष्टी सोडता. पण बाबा, त्याच वचनात पुढे आहे की ह्या करायच्या होत्या आणि त्या पण सोडायच्या नव्हत्या. म्हणजे दशांश बंद करा असं येशू म्हणत नाही. वर्गणी घ्या, रजिस्टर ठेवा, पावती द्या. फक्त वजन कशाला जास्त ते त्याने सांगून ठेवलंय. मला दया पाहिजे, यज्ञ नको, हे होशेय संदेष्ट्याचं वचन तो मत्तयात दोनदा काढतो, नवव्या अध्यायात आणि बाराव्यात, आणि दोन्ही वेळा समोर नियम सांगणारी माणसं उभी आहेत. ती वाईट माणसं नव्हती, नियम पाळणारी होती, घामाचा दशांश देणारी होती, तुमच्यासारखीच. म्हणूनच मला भीती वाटते.

आठवतंय, आम्ही लहान असताना तुम्ही सायकलवर पुढे मला आणि मागे दादाला बसवून शरणपूर दाखवायला न्यायचात आणि सांगायचात की १८५४ ला चर्च मिशनरी सोसायटीने ही वस्ती वसवली, नावातच शरण आहे, शरण आलेल्यांचं गाव. जुन्या करारात सहा आश्रयाची नगरं होती, चुकून हातून खून झालेल्याने तिथे पळत यायचं आणि वेशीवर आलेल्याला आत घ्यायचं. म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रातच पळून आलेल्या माणसाला जागा ठेवली होती. आफ्रिकेतल्या गुलामांची जहाजं पकडली की सुटलेली पोरं इथे आणून ठेवायचे, शिकवायचे, हे पण तुम्हीच सांगितलं. त्यातल्या जेकब वेनराइटची गोष्ट तर तुम्ही एवढ्या वेळा सांगितली की मला पाठ झाली. नाशिकला शिकलेला हा आफ्रिकन तरुण, आफ्रिकेत फिरणारा मिशनरी डॉक्टर लिव्हिंगस्टन १८७३ ला आफ्रिकेच्या आत कुठेतरी खेड्यात वारला तेव्हा सोबत होता, सोबतच्यांनी लिव्हिंगस्टनचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, आणि दफनाची प्रार्थना वाचली ती जेकबने. पाळक नाही, पंच नाही, कमिटी नाही. हातात प्रार्थनेचं पुस्तक होतं आणि समोर मेलेला माणूस. मग झाडाच्या खोडावर नाव कोरलं आणि देह दीड हजार किलोमीटरच्या वर चालत समुद्रापर्यंत आणला, पुढे १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन केला. तुम्ही हे सांगताना तुमचा आवाज भरून यायचा. आमच्या नाशिकचा पोरगा म्हणायचात. मग आपल्या नाशिकच्या गेटवर काकांसाठी प्रार्थना वाचायला आपल्याला आधी पावती का लागली, हे मला तुमच्याकडूनच ऐकायचंय.

आई, तू दरवर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ काढून बसतेस. त्यांचे वडील जलालपूरला सोवळ्यापायी बाजारातून आलेलं सामान धुवून घ्यायचे ते वाचताना आधी आपण हसायचो, मग तू म्हणायचीस, पण घरातल्यांचे हाल बघ ना त्यात. बाप्तिस्म्याआधी त्या स्वतः किती जपायच्या, कोणाच्या हातचं पाणी चालायचं नाही, आणि तेच त्यांनी नंतर सगळं सोडलं आणि अनाथ लेकरं घरात घेतली. मला वाटतं आपल्या मंडळीचं पण सोवळंच झालंय गं. फक्त तिथे पाणी होतं, इथे पावती आहे.

आणि आपण आलो कुठून? बाबा, तुमच्या आजीची गोष्ट. छप्पनच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळात तिला, सात वर्षांच्या पोरीला, तिचे आईवडील गेल्यावर मिशनच्या आवारात कोणीतरी आणून सोडलं. गावात पाणवठ्याला हात लावायची सोय नव्हती आपल्या लोकांना. मिशनमधल्या बाईने तिचं डोकं धुतलं, डोक्यात जखमा झालेल्या, पू झालेला, त्या बाईने स्वतःच्या हाताने धुतलं आणि पेज पाजली. पणजी म्हणायची मी येशूला नंतर ओळखलं, आधी तो हात ओळखला. ह्या एका वाक्यावर आपलं सगळं घर उभं आहे. तिला कोणी विचारलं नव्हतं तुझी वर्गणी भरली का. ती तर बाहेरचीच होती.

माझं पण तसंच आहे, खरं सांगते. माझा विश्वास तुमच्या पाठांतराने टिकला असं तुम्हाला वाटतं, आणि ते थोडं खरंही आहे. पण मी नर्स झाले ते आईमुळे. शेजारच्या आजींना लकवा झाला तेव्हा त्यांची सून माहेरी निघून गेली होती, तर आई रोज सकाळी तुमचा डबा झाला की पलीकडे जाऊन त्यांना पुसून कपडे बदलून यायची. त्या देवपूजा करणाऱ्या, आईने आधी त्यांच्या देव्हाऱ्यापुढची फुलं बदलायची आणि मग आजींचं अंग पुसायचं. तुम्ही एकदा म्हणालात की फुलं कशाला, ते आपल्यात बसत नाही. आई म्हणाली, त्यांना स्वतःला उठता येत नाही ना. मी दारात उभी होते, दहा वर्षांची. आज वॉर्डात कोणाचं अंग पुसताना मला आईचाच हात दिसतो.

बाबा, मी तुम्हाला पंचकमिटी सोडा असं म्हणत नाहीये. उलट तुम्हीच राहा, तुमच्याशिवाय हे कोणी बोलणार नाही. पुढच्या मिटिंगला एवढंच मांडा की माती आधी, हिशोब नंतर. ज्याला जमेल तो भरेल, नाही जमलं तर आपण सगळे मिळून भरू, त्यासाठी एक छोटा फंड ठेवा, पहिले ७,२०० माझे. आणि तो माफीचा अर्ज काकूंकडून घेऊ नका. त्यांनी लिहून दिला तरी घेऊ नका.

मी शनिवारी सुट्टी टाकलीये. सकाळची गाडी पकडते, दुपारपर्यंत नाशिकच्या द्वारका सर्कलला उतरेन. चार वाजता मखमलाबादला जायचंय, काकूंकडे, आणि बाबा तुम्ही माझ्याबरोबर चला. काही बोलू नका तिथे, नुसते बसा. पोरगी आणि जावई पण असतील, मी विचारून ठेवलंय. त्या पोराचे पैसे मी पाकिटात घालून आणतेय पण ते तुम्ही तुमच्या हाताने द्यायचे. पावती पण घेऊन येतेय, तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

आई, काकूंना गोड चालत नाही आता, शुगर निघालीये, तर नागलीच्या भाकरी आणि ठेचा कर, थोडं जास्तच कर म्हणजे रात्रीचं त्यांचं होईल. आणि बाबांची सकाळची गोळी नाश्त्यानंतर दे, आधी नाही.

तुमची,
ताई