क्लॅट : मॉकच्या संख्येपेक्षा चुकांची वही महत्त्वाची

संपादक, स. न. वि. वि.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी ‘क्लॅट’ देणाऱ्या मुलांना हल्ली सगळीकडून एकच सल्ला मिळतो : रोज एक मॉक, म्हणजे सराव पेपर, सोडवा. मुलं इमानेइतबारे सोडवतात, गुण बघतात आणि दुसऱ्या दिवशी पुढचा पेपर उघडतात. दोन महिन्यांनी चाळीस पेपर झालेले असतात आणि गुण मात्र बासष्ट-पासष्टवरच अडकलेले. हा सल्ला अपुरा आहे आणि त्यात मेहनती मुलांचंच जास्त नुकसान होतं, म्हणून हे पत्र.

आधी पेपर कसा आहे ते पाहू. 2024 च्या प्रवेशापासून 120 मिनिटांत 120 प्रश्न असतात. बरोबर उत्तराला एक गुण, चुकलं तर पाव गुण वजा. प्रश्न उताऱ्यांवर असतात आणि उतारे साधारण 450 शब्दांपर्यंतचे. सगळे मिळून दहा हजारांच्या आसपास शब्द वाचावे लागतात असं धरा. मिनिटाला 200 शब्द वाचणाऱ्या मुलाची 50 मिनिटं नुसत्या वाचनात जातात. उरलेल्या 70 मिनिटांत प्रत्येक प्रश्नाला 35 सेकंद मिळतात. त्यातच उत्तरपत्रिकेवरचे गोळेही भरायचे. म्हणजे या परीक्षेतलं पहिलं काम वाचनाचं आहे, आणि ते मॉकमधून वाढत नाही. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख किंवा लेख घड्याळ लावून वाचावा, मग पान झाकून लेखकाचं म्हणणं एका वाक्यात लिहावं. मराठी माध्यमातल्या मुलांनी हे वाक्य खुशाल मराठीत लिहावं. पेपर इंग्रजीत असला तरी अर्थ लागला की नाही, हे आपल्या भाषेत जास्त लवकर कळतं. वाक्य जुळत नसेल तर लेख पुन्हा वाचायचा. वेग नंतर येतो.

सर्वांत जास्त गुण जातात ते कायदेविषयक तर्काच्या भागात. त्यात 28 ते 32 प्रश्न असतात आणि कायद्याचं पूर्वज्ञान लागत नाही. नेमकी तिथेच गफलत होते. समजा, उताऱ्यात नियम दिला आहे : दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत परवानगीशिवाय जाणीवपूर्वक पाऊल ठेवणं म्हणजे अतिक्रमण, मग नुकसान झालेलं असो वा नसो. प्रश्न असा : एक मुलगा चेंडू आणायला शेजाऱ्याच्या अंगणात शिरला, काहीही न मोडता परत आला, तो जबाबदार आहे का? बरीच मुलं ‘नाही, त्याचा हेतू वाईट नव्हता’ हा पर्याय निवडतात. माणूस म्हणून तो पटतोही. पण नियमात वाईट हेतू हा शब्दच नाही. तो मुलगा जाणूनबुजून आत गेला, परवानगी नव्हती, नुकसानीची अट नाही, म्हणून तो जबाबदार. आता त्याला कोणी ढकलल्यामुळे तो अंगणात पडला, असं असेल तर ‘जाणीवपूर्वक’ ही अट पुरी होत नाही आणि उत्तर उलटतं. म्हणून नियम वाचतानाच त्यातल्या अटींना पेन्सिलीने १, २, ३ असे आकडे द्यावेत आणि दिलेल्या घटनेत प्रत्येक अट एकेक करून तपासावी. आपली न्यायबुद्धी तेवढा वेळ बाजूला ठेवावी.

आता मॉक. सुरुवातीचे महिने आठवड्याला एक, शेवटचे सहा आठवडे दोन, एवढे पुरतात. पेपर दुपारी दोन ते चार याच वेळेत सोडवावा, कारण खरी परीक्षा तेव्हाच असते आणि जेवणानंतरची सुस्ती घरीच मोडावी लागते. पेपर संपल्यावर उत्तरसूची लगेच उघडू नये. ज्या प्रश्नांत शंका होती ते सगळे वेळेचं बंधन न ठेवता पुन्हा सोडवावेत, दुसऱ्या रंगाच्या पेनाने. त्यानंतर सूची पाहावी. पहिल्यांदा चुकलं आणि निवांत सोडवल्यावर बरोबर आलं, तर अडचण वेळेची किंवा घाईची. निवांत सोडवूनही चुकलं, तर मुळात समजलेलं नाही. या दोन दुखण्यांवर औषध वेगवेगळं आहे आणि नुसत्या गुणांवरून ती ओळखता येत नाहीत. चुकांच्या वहीत प्रत्येक चुकीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात : मी काय निवडलं, तेव्हा मनात काय कारण होतं, आणि उताऱ्यातलं कोणतं वाक्य ते खोडून काढतं. दोन तासांच्या पेपरला असे तीन-चार तास लागतात. रोज मॉक देणाऱ्याला ते कुठून मिळणार?

‘निगेटिव्ह आहे, अंदाज करूच नका’ हा सल्लाही सरसकट बरोबर नाही. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील, तर उरलेल्या दोनांतून एक निवडण्यात सरासरी 0.375 गुणांचा फायदाच आहे. मात्र डोळे मिटून गोळे भरले तर हाच फायदा जेमतेम 0.06 वर येतो. खरं नुकसान घाईचं. 110 प्रश्न सोडवून 75 बरोबर आले तर हातात 66.25 गुण पडतात. 100 सोडवून 78 बरोबर आले तर 72.5.

परीक्षा कागदावर, ओएमआर पत्रिकेवर, म्हणजे यंत्राने तपासल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या उत्तरपत्रिकेवर होते. पेनाने भरलेला गोळा खोडता येत नाही. सगळे गोळे शेवटी भरू म्हणणाऱ्यांची वेळ संपते, आणि मध्ये एक प्रश्न सोडला की पुढचे सगळे गोळे एक घर सरकतात. प्रत्येक उतारा संपला की त्याचे गोळे भरून टाकावेत. घरच्या मॉकलाही छापील ओएमआर वापरावी.

चालू घडामोडींसाठी तारखांची यादी पाठ करून भागत नाही, कारण उतारा एका विषयावर असतो आणि प्रश्न त्याच्या मागेपुढे जातात. महिला आरक्षणाचा विषय घ्या. 2023 ची 106 वी घटनादुरुस्ती, लोकसभा व विधानसभांत एक तृतीयांश जागा, जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेची अट, 1996 मध्ये पहिल्यांदा आलेलं विधेयक, हे सगळं एकाच पानावर हवं. गणिताचे 10 ते 14 प्रश्न मुख्यतः शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी यांवर असतात. ते सोडून देऊ नयेत.

जुन्या साहित्याबाबत सावध राहावं. 2019 पर्यंतचे क्लॅटचे पेपर वेगळ्या धाटणीचे आहेत. 2020 ते 2023 चे उतारे सरावाला चांगले, पण त्यांत 150 प्रश्न आहेत. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे जुन्या पुस्तकांतले कलमांचे आकडे पाठ करू नयेत. राज्याची विधी सीईटीही देणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही. एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यांनी रोज किती तास अभ्यास केला, ते दरवर्षी छापून येतं. त्याऐवजी दर आठवड्याला 450 शब्दांचा एक उतारा, त्यावर पाच प्रश्न आणि चुकीचे तीन पर्याय का चुकीचे, याचं स्पष्टीकरण छापावं. क्लासची फी न परवडणाऱ्या मुलांना ते कापून वहीत चिकटवता येईल.

आपले,
विधी प्रवेश परीक्षांची तयारी करून घेणारे काही शिक्षक