रांगोळीच्या आतलं दार

प्रिय चिमे,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोलले नाही, कामात आहे म्हणाले, पण खरं कारण वेगळं होतं आणि ते फोनवर सांगवत नव्हतं, म्हणून हे लांबलचक लिहितेय, शाळा सुटल्यावर निवांत वाच.

मी ते मुलींसाठीचं अ‍ॅप करतेय ना, घरात लग्न ठरवतायत, मारतायत, कुणी त्रास देतंय आणि सांगायला कुणी नाही अशांसाठी. जूनमध्ये पहिलं व्हर्जन सात-आठ मुलींना वापरून बघायला दिलं. त्यात मी हौसेनं एक गोष्ट टाकली होती, तीन दिवस अ‍ॅप उघडलं नाही की "कशी आहेस? बोलावंसं वाटतंय का?" असं नोटिफिकेशन जायचं. मला ते फार मायेचं वाटलेलं. एका अकरावीतल्या पोरीला ते आलं तेव्हा फोन तिच्या भावाच्या हातात होता. कोण विचारतंय, कुणाशी बोलायचंय तुला, असं करत तिला मारलं, फोन बंद, महिनाभर कॉलेज बंद. आमच्यासोबतच्या अंगणवाडीताई दोनदा तिच्या घरी जाऊन आल्या, आता ती परत कॉलेजला जातेय, पण चिमे, ते वाक्य माझं होतं गं, मी टाईप केलेलं.

तेव्हापासून टाकायचं कमी आणि काढायचंच जास्त चाललंय. आम्ही इथे पुण्यात बसून "तिचा फोन" म्हणतो, पण फोन बापाचा असतो नाहीतर भावाचा, कधी ऊसतोडीच्या मुकादमानं दिलेल्या उचलीतून, म्हणजे आगाऊ पैशांतून, घेतलेला, तिच्या हातात येतो रात्री अर्धा तास, तोही सगळ्यांसमोर. म्हणून नोटिफिकेशन एकही नाही. ऑडिओ काढला, कारण एका खोलीत सहा माणसं झोपतात आणि हेडफोन लावला की आधी तोच खुपतो. लॉगिन नाही, कारण ओटीपीचा मेसेज मागे राहतो. चौकोनी बटण दाबल्यावर उघडलेली अ‍ॅप्स दिसतात ना, तिथे आमची खिडकी कोरी दिसते.

आणि माहिती तर काहीच घेत नाही, नाव नाही, गाव नाही. २०२३ च्या डेटा कायद्यात १८ च्या आतल्या मुलांची माहिती घ्यायची तर आईबापाची परवानगी लागते, आता जो बाप लग्न लावतोय त्यालाच कसं विचारणार? त्यामुळे जे काही आहे ते फोनच्या बाहेर जातच नाही. फंडिंगवाले विचारतात किती मुलींना उपयोग झाला, मी सांगते मोजता येणार नाही. त्यांना मी २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा दाखवते, महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं, बीडमध्ये तर ४३ च्या वर. तुला आकडा कशाला लागतोय म्हणा, तू हजेरी घेतेसच.

दुसऱ्या कुणी अ‍ॅप उघडलं तर वरून काय दिसावं यावर खूप डोकं चाललं. मी मेहंदीच्या डिझाईनचं म्हटलं होतं, तर एक पोरगी म्हणाली, ताई, ज्याच्यापासून पळायचंय तेच परत दाखवता का. मी गप्पच झाले. मग रांगोळी सुचली. वरचं अ‍ॅप खरंच ठिपक्यांच्या रांगोळ्यांचं आहे, खोटा मुखवटा नाही, आई वापरेल असं. पण ठरलेले ठिपके ठरलेल्या क्रमानं जोडले तरच आतलं दार उघडतं. चुकलं तर साधी रांगोळी उमटते, बस.

आत फार काही नाही. लग्न थांबवायला गावात ग्रामसेवकाला सांगता येतं, कोर्ट मनाई हुकूम देऊ शकतं, लग्न झालंच असेल तरी १८ पूर्ण झाल्यावर दोन वर्षांपर्यंत तिला ते कोर्टातून रद्द करून घेता येतं, हे कितीजणींना माहितीच नसतं. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ चा नंबर आहे, पण खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय की या फोनवरून लावू नको, कॉल लिस्टमध्ये राहतो, मॅडमच्या किंवा अंगणवाडीताईच्या फोनवरून लाव.

आता तुझं काम. ही "मॅडम" म्हणजे तूच ना? तुझ्या आठवी ते दहावीच्या मुलींपैकी चार-पाच जणींसोबत बस, अ‍ॅप दाखवायचं नाही, फक्त कागदावरचे स्क्रीन, आणि विचार की आई मागे उभी असताना हे उघडशील का. शब्द जड वाटले तर सरळ खोड, "बालविवाह प्रतिबंध" असलं त्या बोलत नाहीत, त्या काय म्हणतात ते मला हवंय, तुमच्याकडच्या बोलीत. आणि तुझा फोन वापरायला दिल्यावर तुझ्यावर काय येऊ शकतं, गावात, संस्थेत, तेही खरं खरं लिही, ते न विचारता मी तुझ्या भरवशावर ते वाक्य ठेवणार नाही.

दसऱ्याच्या आत कळव गं. नंतर साखर कारखान्यांचे ट्रक येतील आणि तुझा अर्धा वर्ग आईबापाबरोबर ऊसतोडीला निघून जाईल.

तुझी,
हॉस्टेलची पार्टनर