डायनॅमो जड का होतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात नातीच्या शाळेतील विज्ञान प्रदर्शनात ‘चुंबकापासून मोफत वीज’ अशी पाटी लावलेला प्रयोग पाहिला. पीव्हीसी नळीवर इनॅमल तारेचे वेढे, नळीत सुटा चुंबक आणि नळी हलवली की लुकलुकणारा एलईडी, एवढेच साहित्य होते. मांडणी नेटकी होती आणि मुलगा मनापासून माहिती सांगत होता. माझी तक्रार आहे ती पाटीबद्दल. चाळीस वर्षे विजेच्या मोटारींच्या वाइंडिंगमध्ये, म्हणजे तारेच्या गुंडाळ्या भरण्यात, घालवल्यामुळे ‘चुंबकापासून’ आणि ‘मोफत’ हे दोन्ही शब्द मला खटकले. शिवाय मोबाइलवर फिरणाऱ्या, इंधनाविना अखंड चालणाऱ्या चुंबकीय जनित्रांच्या चित्रफिती पाहून चांगली शिकलेली माणसेही याच दोन शब्दांपाशी फसतात.

तारेशेजारी चुंबक नुसता ठेवला, तर तो कितीही जोरकस असला तरी तारेतून वीज वाहत नाही. ही गोष्ट भल्याभल्यांना चकवून गेलेली आहे. 1825 मध्ये जिनिव्हाचे शास्त्रज्ञ कोलाडॉन यांनी तारेच्या गुंडाळीत चुंबक सरकवून पाहिला होता. परंतु चुंबकाचा परिणाम थेट काट्यावर होऊ नये म्हणून वीजप्रवाह दाखवणारा काट्याचा मापक त्यांनी दुसऱ्या खोलीत ठेवला होता, आणि चुंबक सरकवून ते त्या खोलीत पोहोचेपर्यंत काटा हलून पुन्हा शून्यावर आलेला असे. सोबतीला एखादा मदतनीस असता तर कदाचित हा शोध त्यांच्याच नावावर लागला असता! पुढे 29 ऑगस्ट 1831 रोजी लंडनमध्ये शास्त्रज्ञ फॅरेडे यांनी लोखंडी कड्यावर दोन वेगळ्या गुंडाळ्या घेतल्या आणि एकीला बॅटरी जोडली, तेव्हा दुसरीला जोडलेला काटा क्षणभर हलला, बॅटरी जोडलेली असेपर्यंत स्वस्थ राहिला आणि ती काढताच उलट दिशेला हलला. गुंडाळीतून जाणारे चुंबकीय क्षेत्र जोवर बदलत असते, तोवरच तिच्यात विद्युतदाब निर्माण होतो, हे तेव्हा स्पष्ट झाले. बदल जितका झपाट्याने होईल आणि वेढे जितके जास्त असतील, तितका हा दाब अधिक.

आता ‘मोफत’विषयी. सायकलींचे पुणे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागणार नाही. रात्री दिव्याविना सायकल दिसली की पोलीस चाकातली हवा सोडत, म्हणून आम्ही टायरवर डायनॅमो, म्हणजे चाकाबरोबर फिरून दिव्यासाठी वीज तयार करणारे छोटे जनित्र, टेकवायचो आणि लगेच पायांना ओझे जाणवायचे. डायनॅमोतला चुंबक चाकाबरोबर फिरे, गुंडाळी जागेवर राही आणि सहा व्होल्टचा दिवा लागे. चौकात थांबलो की चुंबक तिथेच असूनही अंधार. दिव्याची तार सुटलेली असली तरी डायनॅमो थोडा जड लागतोच, कारण घर्षण असते आणि आतल्या लोखंडाला चुंबक ओढत असतो. परंतु तार जोडून दिवा लागला की जो आणखी जोर लावावा लागतो, ती त्या उजेडाची किंमत होय. गुंडाळीत वाहू लागलेली विजेची धारा स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि ते, ज्या बदलामुळे धारा निर्माण झाली, त्या बदलालाच विरोध करते. हा नियम शास्त्रज्ञ लेन्झ यांनी 1834 मध्ये मांडला.

पोफळीला डोंगराच्या पोटात फिरणाऱ्या कोयनेच्या जनित्रांनाही हाच नियम लागू आहे. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की तारांतील धारा वाढते, जनित्रे फिरवणे जड होते आणि त्यांचा वेग पडू नये म्हणून टर्बाइनवर जास्त पाणी सोडावे लागते. तिथे चुंबकाचे काम मध्यस्थाचे. मोल पडत्या पाण्याने चुकवलेले असते.

हलवायच्या नळीच्या प्रयोगात ही किंमत हाताला जाणवत नाही, कारण एलईडीला लागणारी वीज फारच थोडी असते. म्हणून विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे की, त्याच टेबलावर तांब्याच्या जाड नळीचा हातभर तुकडा ठेवावा. पुण्याच्या बाजारात, बोहरी आळीत, तो सहज मिळेल. तांब्याला चुंबक चिकटत नाही, हे आधी मुलांना दाखवावे आणि मग नळीत अगदी सैल बसणारा जोरदार निओडिमियम चुंबक वरून सोडावा. तो धपकन न पडता रेंगाळत खाली येतो, कारण नळीच्या भिंतीत गोल फिरणाऱ्या धारा त्याला अडवतात. नळीला उभी चीर पाडली की त्या धारांची वाट तुटते आणि चुंबक बराच लवकर खाली येतो.

मी त्या मुलाकडे माझा जुना सायकलचा डायनॅमो, दिवा आणि एक बटण ठेवून आलो आहे. बटण चालू आणि बंद करून चाक हाताने फिरवून पाहा, आणि मग पाटीवर काय लिहायचे ते ठरव, एवढेच त्याला सांगितले.

आपला,
एक निवृत्त वाइंडिंग कारागीर, पुणे