स्पॅमचे खापर ग्राहकाच्याच डोक्यावर का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली सायबर सुरक्षेवरची मुलाखत वाचली. वाचल्यावाचल्या लिहायला बसलो असतो तर भाषा छापण्यासारखी राहिली नसती, म्हणून रात्र जाऊ दिली. पत्र दुकानातल्या पोराच्या हाती पाठवतो आहे, ईमेलने नाही. कारण पुढे येईलच.

इंटरनेट कंपनीच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आम्ही फक्त वायर देतो, वायरीतून जे येते-जाते, मग तो स्पॅम (न मागता येणारा ईमेलचा कचरा) का असेना, त्याला ग्राहक जबाबदार. ग्राहक बेफिकीर आहे, दिसेल त्या लिंकवर बोट ठेवतो, अँटिव्हायरस घेत नाही, पासवर्ड बदलत नाही. कंपनीने स्वतः काय करावे यावर अख्ख्या मुलाखतीत एक ओळ नाही, आणि आपल्या प्रतिनिधींनाही ते विचारावेसे वाटले नाही. त्याच पानाच्या तळाशी त्याच कंपनीची रंगीत जाहिरात होती, हा योगायोगच असणार. आम्ही छपाईवाले, पानावर कोणती गोष्ट कशाशेजारी बसवतात हे आम्हाला कळते, एवढेच म्हणतो.

माझे नागपूरच्या महाल भागात लग्नपत्रिकांचे दुकान आहे आणि मी याच कंपनीचा जुना ग्राहक आहे. कनेक्शनसोबत कंपनीनेच ईमेल पत्ता दिला. तोच बिलबुकावर, तोच पाटीवर, तोच प्रत्येक पत्रिकेच्या मागे कोपऱ्यात बारीक अक्षरात. आमच्याकडे प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायचा नमुना, ईमेलनेच जाते. पीडीएफ व्हॉट्सअॅपवरही जाते हे मला ठाऊक आहे, पण तिथे पार्टी अंगठा दाखवून मोकळी होते. पुढे ‘आत्याच्या यजमानांचे नाव राहिले’ म्हणून भांडण निघाले, की तो अंगठा नातवाने दाबला होता असे सांगतात. ईमेलवर ‘मंजूर’ असे लेखी उत्तर आल्याशिवाय मी प्लेट काढत नाही. वडील कागदावर सही घेत, मी हे घेतो.

गेल्या हंगामात, तुळशीचे लग्न आटोपून मुहूर्तांची गर्दी सुरू झाली तेव्हा, गोंदियाच्या एका पार्टीचे प्रूफ पाठवले. उत्तर नाही. लग्नघर आहे, धावपळ असेल, म्हणून वाट पाहिली. शेवटी फोन केला तर मुलीचे वडील शांतपणे म्हणाले, ‘भाऊ, तुम्ही प्रूफच नाही पाठवलं, आम्ही मंग इथंच छापून घेतल्या.’ ॲडव्हान्स परत केला. दोन्ही घराण्यांची नावे, वर गणपती, खाली ‘आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं’, सगळे जुळवून कॉम्प्युटरमध्ये तसेच पडून आहे. पत्र गेले होते. ते त्यांच्या स्पॅममध्ये, लॉटरीवाल्या आणि कर्जवाल्यांच्या रांगेत जाऊन बसले होते.

त्यानंतर चंद्रपूरच्या एका गिऱ्हाइकाच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलेले प्रूफ सरळ परतच आले. सोबत इंग्रजीत लांबलचक मजकूर, ५५० हा आकडा, आणि ज्या सर्व्हरवरून हे पत्र आले तो काळ्या यादीत असल्याने स्वीकारले नाही, अशा अर्थाचे वाक्य. सर्व्हर कोणाचा? कंपनीचा. तोंड काळे कोणाचे? माझे.

कंपनीला फोन केला. ‘आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है’ हे पाठ होईपर्यंत ऐकले. मग एका मुलाने राउटर बंद करून चालू करायला सांगितले. काळी यादी कुठल्या कुठे, आणि बटण माझ्या गल्ल्याच्या मागे! तरी केले. मग आलेला टेक्निशियन म्हणाला, ‘काका, तुमच्याच मशीनमध्ये व्हायरस असन जी.’ पोरगा सज्जन होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याला वायर जोडायला शिकवले आहे, तेवढी तो नीट जोडतो. त्याला अँटिव्हायरसचे बिल दाखवले, त्याच्यासमोर अख्खे मशीन तपासले, काही निघाले नाही. तक्रार वर नेली तेव्हा उत्तर मिळाले, ‘सर, आप जीमेल यूज कीजिए ना.’ म्हणजे कंपनीचा पत्ता चालत नाही हे कंपनीलाच मान्य आहे, फक्त लेखी द्यायचे नाही.

माझा भाचा पुण्यात इंटरनेटच्याच कामात आहे. त्याने समजावले ते साधे आहे. कंपनीच्या दुसऱ्या कोणा ग्राहकाच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागतो. त्या बिचाऱ्याला गंधही नसतो, मशीन जरा हळू चालते एवढेच. पण त्याच्या वायरीतून रात्रंदिवस स्पॅम सुटत राहतो, काही परस्पर, काही कंपनीच्याच सर्व्हरमधून. पलीकडचे कंटाळतात आणि सर्व्हर तर सर्व्हर, कंपनीच्या इंटरनेट पत्त्यांची (ईमेलचे नव्हे, कनेक्शनचे आयपी नंबर) अख्खी रांग काळ्या यादीत टाकतात. शिवाय हल्ली एकाच पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक बसवलेले असतात, त्यामुळे एकाची घाण सगळ्यांच्या नावावर. उपाय जुना आहे. घरगुती कनेक्शनवरून बाहेर जाणारा पोर्ट २५, म्हणजे नाव न विचारता ईमेल बाहेर सोडणारा दरवाजा, बंद ठेवायचा. खऱ्या पत्रांसाठी ५८७ चा रस्ता आहे, तिथे नाव-पासवर्ड विचारतात. आणि एका ग्राहकाने तासाभरात किती पत्रे पाठवावीत याला सर्व्हरवर मर्यादा घालायची. जपानमधल्या कंपन्यांनी पोर्ट २५ वीसेक वर्षांपूर्वीच बंद करायला घेतला. जर्मनीत २०१० मध्ये असे मदत केंद्र सुरू झाले, की कंपनीने व्हायरस लागलेल्या ग्राहकाला स्वतः कळवायचे आणि साफसफाईसाठी तिकडे पाठवायचे. आमच्याकडे राउटर बंद करून चालू करतात.

मे महिन्यात एखाद्याच्या कूलरच्या पंपामुळे शॉर्ट होऊन गल्लीची डीपी उडाली, तर लाइनमन येतो, त्या घराची वायर काढतो आणि बाकीच्यांची लाइन सुरू करून देतो. ‘सगळ्यांनी आपापले कूलर तपासा, आम्ही फक्त वायर देतो’ असे सांगून तो निघून जात नाही. गेला तर परत जाऊ शकणार नाही.

कंपनीला कळत नाही, हे तर कोणी मला सांगूच नये. प्लॅनची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही उघडा, समोर कंपनीचे पान येते: ‘आपला प्लॅन संपला आहे, रिचार्ज करा.’ बँक उघडत नाही, पंचांग उघडत नाही, फक्त रिचार्जचे पान उघडते. म्हणजे कोणता ग्राहक, कोणती वायर, हे सगळे कंपनीला बरोबर माहीत असते, आणि त्याच्या पडद्यावर हवा तो मजकूर आणताही येतो. मग त्याच पानावर ‘आपल्या कनेक्शनवरून स्पॅम जात आहे, मशीन तपासून घ्या’ ही एक ओळ मराठीत का येत नाही? साडेसातशे रुपये थकले तर दिसतात आणि रात्रभर बाहेर जाणारा कचरा दिसत नाही, ही कोणत्या जातीची दृष्टी म्हणायची?

पासवर्डचेही तेच. ग्राहक पासवर्ड बदलत नाही म्हणे. आमच्या राउटरच्या पोटाला चिकटवलेल्या स्टिकरवर लॉगिन ‘अॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अॅडमिन’ असे छापलेले आहे. मी छापलेले नाही, आमच्याकडे बरे छापतात. वायफायचा पासवर्ड टेक्निशियनने माझा मोबाइल नंबर ठेवून दिला, शेजारच्या सराफाकडे त्यांचा, समोरच्या मेडिकलमध्ये त्यांचा. म्हणजे ज्याच्या दुकानाच्या पाटीवर नंबर आहे त्याचे वायफाय चौकातून कोणालाही उघडता येते. अशाच कारखान्यातून आलेल्या पासवर्डांच्या जोरावर २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने लाखभर कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. पुढच्याच वर्षी आपल्या देशातही हजारो मोडेम याच कारणाने निकामी झाले, आणि तेव्हाही ग्राहकांनाच पासवर्ड बदला म्हणून सांगण्यात आले. ब्रिटनमध्ये २०२४ पासून असा सरसकट एकच पासवर्ड घालून उपकरण विकायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे स्टिकर आहे.

कायद्याबद्दल अधिकारी महाशयांनी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चा दाखला दिला, की मध्यस्थावर (म्हणजे इंटरनेट कंपनीसारख्यावर) जबाबदारी येत नाही. कलम पुढेही वाचायचे असते. ती सूट योग्य दक्षता घेणाऱ्याला आहे. बाकी स्पॅमसारख्या त्रासदायक ईमेलला लागू पडेल असे जे काही होते ते कलम ६६अ मध्ये होते, आणि ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. रद्द झाले ते योग्यच झाले, त्याचा भलताच वापर होत होता, पण त्याच्या जागी ईमेलपुरते काही आले नाही. नको असलेल्या फोन आणि एसएमएससाठी दूरसंचार नियामक ट्रायचे नियम आहेत, तक्रारीला १९०९ हा नंबर आहे. ईमेल त्यात बसत नाही. केंद्र सरकारचे सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे. व्हायरस लागलेल्या कनेक्शनची माहिती तिथून इंटरनेट कंपन्यांना जाते आणि कंपन्यांनी ती ग्राहकापर्यंत पोहोचवायची असते. महालात, गांधीबागेत, इतवारीत कोणा दुकानदाराला असे पत्र आले असेल तर त्याने ते मला दाखवावे, मी त्याला मुलाच्या लग्नाच्या पत्रिका फुकट छापून देईन. मुलाखतीत या केंद्राचे नाव कुठे दिसले नाही. मदतीसाठी नंबर दिला तो कंपनीच्या विक्री विभागाचा.

ग्राहकांत बेफिकीर लोक आहेत, मीही जाणतो. आमच्याच गल्लीत लोक चोरीचे विंडोज टाकून घेतात आणि मग अपडेट नको म्हणून ते बंद करून ठेवतात. अशांची लाइन काही दिवस तोडा, मी कंपनीच्या बाजूने उभा राहीन. पण त्यांना हात लावायचा नाही, कारण ते महिन्याचे पैसे देतात, आणि जो मशीन स्वच्छ ठेवतो त्याची पत्रे काळ्या यादीत, याला काय म्हणावे ते आपल्या अग्रलेखवाल्यांनी ठरवावे. माझी मागणी एवढीच आहे, की त्या अधिकाऱ्यांना पुन्हा बोलवा आणि दोन प्रश्न विचारा. नागपुरातल्या घरगुती कनेक्शनवर पोर्ट २५ बंद आहे का? आणि सायबर स्वच्छता केंद्राकडून आलेली माहिती पुढे कोणाकडे जाते? उत्तर जाहिरातीपेक्षा मोठ्या अक्षरात छापायची गरज नाही, जाहिरातीएवढे चालेल.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. आपल्या ई-पेपरसाठी मी नाव नोंदवले तेव्हा फक्त पेपर मागितला होता. तेव्हापासून रोज सकाळी आपल्याकडून वर्धा रोडवरचे प्लॉट, मिहानजवळचे फ्लॅट, मधुमेहाचे काढे आणि ‘फक्त आजच’ अशी रोजच असणारी सवलत येते. खाली फिक्या राखाडी अक्षरात ‘नोंदणी रद्द करा’ असते. (सहा पॉइंटपेक्षा मोठे नसावे. मी मुद्दाम मोजपट्टी लावली नाही.) ते दाबले की लॉगिन मागते, लॉगिन केले की पुन्हा पहिल्या पानावर आणून सोडते. माझी प्रूफे गोंदियाला पोहोचत नाहीत, पण आपले प्लॉट माझ्याकडे न चुकता पोहोचतात, त्या अर्थी आपला सर्व्हर चांगला असावा. माझा पत्ता आपल्या यादीतून काढून टाकावा, आणि जमल्यास तो सर्व्हर कोणाकडून घेतला तेही कळवावे.

पत्र लांबले आहे. कापायचे झाल्यास गोंदियाची हकीकत कापा, रिचार्जच्या पानाचा मुद्दा कापू नका. आणि ‘अॅडमिन’चे शुद्धलेखन आपल्या मुद्रितशोधकांना योग्य वाटेल तसे करावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार
महाल, नागपूर