आमच्या ओट्याची जागा राखणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

आमच्या स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाचं काम संपलं त्या संध्याकाळी तुम्ही शेवटचा ड्रॉवर उघडून-मिटून दाखवलात, हात पुसलेत आणि निघालात. मी दारात उभी राहून नुसतं 'थँक्यू' म्हणाले. त्याहून जास्त काही सुचलंच नाही. मग ठरवलं, आधी चार महिने या स्वयंपाकघरात राबायचं आणि मगच तुम्हाला लिहायचं. नव्या कामाचं कौतुक पहिल्या आठवड्यात कुणीही करतं. आज चार महिने झाले. पत्र सगळ्यांना वाचता यावं असं उघडंच लिहितेय, कारण जुना ओटा फोडायला निघालेलं एखादं घर कुठेतरी असेलच, आणि तुम्ही मला जे समजावलंत ते त्यांच्याही कानावर जायला हवं.

आमचं स्वयंपाकघर 8 बाय 10 फुटांचं. ओटा काटकोनात वळलेला. खिडकीखाली सिंक, वळणापलीकडे शेगडी, दाराशी फ्रीज. सासऱ्यांनी 35 वर्षांपूर्वी बांधून घेतलेला, तेव्हापासून एक वीट हललेली नव्हती. टाइल्सच्या फटी काळ्या पडल्या होत्या, खालच्या कप्प्यांची दारं ओल लागून फुगली होती, मागचा डबा काढायचा तर जमिनीवर गुडघे टेकून आत डोकं घालावं लागायचं. दिवा एकच, आणि तो पाठीमागे. ओट्याशी उभं राहिलं की आपलीच सावली हातातल्या कामावर.

मला हे सगळं जायला हवं होतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ते आईंचं स्वयंपाकघर होतं. आता नूतनीकरण करायचंच आहे तर एकदा तरी माझ्या मनासारखं होऊ दे, असं मला फार वाटत होतं. तुमच्याआधी एका कंत्राटदाराने संगणकावर सुंदर चित्रं काढून दिली होती. सिंक समोरच्या भिंतीला, मधली भिंत पाडलेली, शेगडी खिडकीपाशी. ती चित्रं मी रोज रात्री मोबाइलवर बघायचे. तुम्हाला बोलावलं ते खरं तर दुसरा अंदाज घ्यायला.

तुम्ही चित्रं शांतपणे पाहिलीत आणि विचारलंत, "सकाळी इथे कोण काम करतं? मी उद्या दोन तास नुसती बसले तर चालेल?"

आलात, दाराशी स्टूल घेऊन बसलात. आई नेहमीसारख्या कामाला लागल्या. मी येऊन-जाऊन बघत होते आणि मनात म्हणत होते, या बाईंनी अजून मोजपट्टीसुद्धा काढली नाही. दोन तासांनी तुम्ही मला बाहेर बोलावलंत आणि हळू आवाजात विचारलंत, "आईंना दिसतं किती?"

आईंना काचबिंदू आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. रोजचे थेंब मीच घालते. या आजारात बाजूची नजर आधी जाते, गेलेली नजर परत येत नाही, औषधाने फक्त पुढचं नुकसान थोपवता येतं, हे डॉक्टरांनी आम्हाला समजावलेलं होतं. पण आई स्वयंपाकघरात इतक्या सहज वावरायच्या, की तिथे त्यांना दिसत असणार असंच मी धरून चालले होते. तुम्ही मला दारात उभं केलंत आणि म्हणालात, "त्यांच्या डाव्या हाताकडे बघा."

त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं. मधलं बोट ओट्याच्या कडेवरून सरकत जातं. सिंकजवळ दगडाचा एक टवका उडालेला होता, तिथे ते क्षणभर थांबतं. तिथून वीतभर आत गेलं की नळ. टवक्यापासून उजवीकडे तीन पावलं, की शेगडी. वळून दोन पावलं, की फ्रीजचं हँडल. आई बघत नव्हत्याच, त्या मोजत होत्या. इतक्या वर्षांत ते माप त्यांच्या अंगात मुरलं होतं, आणि मी ते एका फटक्यात पुसायला निघाले होते.

तरीही मी तुमच्याशी वाद घातला, हे तुम्हाला आठवत असेल. मला तुमचा राग आला होता. आईंच्या नजरेपुढे माझी हौस बोलायचीच नाही, असा त्याचा अर्थ मी घेतला. तुम्ही रागावला नाहीत आणि मला भावनेच्या भरात पटवायलाही गेला नाहीत. मोजपट्टी काढलीत आणि एक टोक माझ्या हातात दिलंत. सिंक ते शेगडी 5 फूट, शेगडी ते फ्रीज साडेसहा, फ्रीज ते सिंक 7. बेरीज साडेअठरा. मग सांगितलंत, की 1940च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात स्वयंपाकघरांचा अभ्यास झाला, त्यातून या तीन जागांच्या त्रिकोणाचा ठोकताळा पुढे आला. प्रत्येक बाजू 4 ते 9 फूट आणि तिन्ही मिळून 13 ते 26 फूट असावी. आमचा त्रिकोण त्यात नीट बसत होता. "सासऱ्यांनी हे कुठे वाचलं नसेल," तुम्ही म्हणालात, "पण बांधलंय बरोबर. मांडणी आजारी नाहीये. दिवा, दगड, पाइप आणि कप्पे आजारी आहेत."

लहान जागेचं मला वाईट वाटायचं, तेव्हा तुम्ही फ्रँकफर्टचं उदाहरण दिलंत. मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की यांनी 1926 साली तिथल्या वसाहतींसाठी आखलेलं स्वयंपाकघर जेमतेम 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब होतं, आणि आजच्या मॉड्युलर किचनची सुरुवात तिथेच शोधतात. बाईची पावलं मोजून आखलेली जागा. हे ऐकल्यापासून मी आमच्या 8 बाय 10ला लहान म्हणणं सोडलं.

सिंक हलवण्याचा हिशेबही तुम्ही जमिनीवर खडूने काढून दाखवलात. सांडपाण्याच्या पाइपला दर फुटाला साधारण पाव इंच उतार लागतो. सिंक 9 फूट लांब नेलं तर सव्वादोन इंच नुसता उतार, वर पाइपची जाडी. तो पाइप जमिनीखाली घालायचा तर आमच्या घरात फरशी उचलून घ्यावी लागली असती आणि दारात एक पायरी आली असती. ज्या बाईला बाजूचं दिसत नाही, तिच्या दारात पायरी! त्या चित्रांमध्ये ही पायरी कुठेच नव्हती. त्या रात्री मी ती चित्रं मोबाइलवरून काढून टाकली.

आणि माझं काय, या प्रश्नाचं उत्तरही तुमच्याकडे तयार होतं. माझी पाठ दुखते हे मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं, तुम्ही ते मला भांडी घासताना पाहून ओळखलंत. दोघींच्या कोपरांची उंची घेतलीत. आईंचं कोपर जमिनीपासून 37 इंचांवर, माझं 41. कामाचा पृष्ठभाग कोपराच्या चार ते सहा इंच खाली असला की खांदे आणि कंबर सुटी राहते. जुना ओटा 32 इंच, म्हणजे आईंच्या मापाचा. शेगडीची बाजू तुम्ही तशीच ठेवलीत, कारण तिथे ओट्याच्या उंचीत शेगडीवरच्या भांड्याची उंचीही मिळवावी लागते. सिंकची बाजू 35 इंचांवर नेलीत, कारण सिंकमध्ये हात तळापर्यंत खाली जातात. जागा तीच, फक्त एक बाजू तीन इंच वर. चार महिन्यांत मी पाठीला मलम लावलेलं नाही.

वळणावरच्या त्या तीन इंचांच्या चढाला आई पहिले काही दिवस बिचकल्या. तुम्ही दगडाची कड गोल करून घेतली होती, तरी एकदा भांडं आपटलं. तेव्हा तुम्ही आलात, त्यांचा हात धरून त्या गोलाईवरून आठ-दहा वेळा फिरवलात. आता तोच चढ त्यांची नवी खूण झालाय.

दगडावरून झालेलं भांडणही सांगायलाच हवं. मला पांढराशुभ्र, चकचकीत दगड हवा होता. तुम्ही स्टीलची वाटी घेतलीत, एकदा पांढऱ्या कागदावर ठेवलीत, एकदा काळ्या कापडावर, आणि वरून दिवा लावून आईंना म्हणालात, "उचला." कागदावर त्यांचा हात दोन बोटं बाजूला पडला. कापडावर नेमका वाटीवर. त्या नंतर हसल्या आणि म्हणाल्या, "काळ्यावर कड दिसते गं पोरी." मी पुढे काही बोलले नाही. काळा, झळाळी नसलेला, मॅट पॉलिशचा ग्रॅनाइट बसला, आणि मला हवा असलेला पांढरा रंग तुम्ही भिंतीच्या टाइल्सवर दिलात, तोही मॅट. आज तो काळा-पांढरा मेळ मला त्या चित्रांपेक्षा जास्त आवडतो, हे मनापासून सांगते.

दिव्यांबद्दल तुम्ही म्हणाला होतात, की साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. म्हणजे मलाही लवकरच त्याची गरज लागणार! वरच्या कपाटांच्या तळाला, पुढच्या कडेशी, दुधी झाकणाची एलईडी पट्टी आली. उजेड ओट्यावर पडतो, डोळ्यांत जात नाही, आणि सावली मागे राहते. सगळ्या कामात सर्वात स्वस्त आणि सर्वात मोठा फरक पाडणारी गोष्ट हीच, असं माझं मत झालंय.

सिंकमागची टाइल काढली आणि भिंत ओली निघाली, तो दिवस मात्र वाईट होता. जुना लोखंडी पाइप कापला तेव्हा तुम्ही तो तुकडा मला दाखवलात. अर्ध्या इंचाच्या पाइपात आतून गंज साचून पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलं होतं, आणि एक सांधा भिंतीत पाझरत होता. त्या घडीला तुम्ही काम थांबवलंत. वरून टाइल लावून टाकली असती तर आम्हाला दोन वर्षं तरी कळलं नसतं. भिंत वाळायला दिवस दिलेत, सगळे पाइप सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिकचे टाकलेत, पाण्याचा दाब देऊन रात्रभर ठेवलेत आणि मगच भिंत बंद केलीत. बंद करण्याआधी मोजपट्टी भिंतीला लावून प्रत्येक पाइपचे आणि वायरचे फोटो काढलेत. त्या फोटोंची एक प्रत आज फ्रीजवरच्या फाइलमध्ये आहे, आणि परवा भिंतीत खिळा ठोकताना ती पहिल्यांदा उघडली. अर्थिंग नसलेले जुने सॉकेट बदलले, ओल्या हाताच्या टप्प्यातले दूर नेले, तेही त्याच आठवड्यात.

या सगळ्याला 26 दिवस लागले. तेवढे दिवस बाहेरच्या खोलीत टेबलावर तुम्ही जी तात्पुरती मांडणी करून दिलीत, तीही डावीकडे पाणी, उजवीकडे शेगडी अशीच. कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला.

खालच्या कप्प्यांच्या जागी पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर आले. पण कप्पे रिकामे करण्याआधी तुम्ही प्रत्येकाचा फोटो घेतलात, डबे खोक्यांत भरून खोक्यांना क्रमांक दिलेत, आणि शेवटच्या दिवशी आईंना खुर्चीवर बसवून, प्रत्येक डबा त्यांच्या हाती देऊन, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे लावलात. तुमच्या मदतनिसाला घाई होती, तुम्हाला नव्हती.

आता जे लिहायचंय ते मला गेल्याच आठवड्यात कळलं. आई ओट्याशी उभ्या होत्या, बोट कडेवरून सरकत होतं, आणि सिंकजवळ ते थांबलं. नव्या दगडावर. मी जाऊन हात लावून पाहिला. डोळ्यांना जवळजवळ न दिसणारी, गुळगुळीत घासलेली, बोटाच्या पेराएवढी एक खाच. बरोबर जुन्या टवक्याच्या जागी. मी विचारलं, "ही कधी केली?" तर आई म्हणाल्या, "दगड बसवायच्या आदल्या दिवशी तिने माझं बोट धरून जागा विचारली होती. तुला सांगितलं नाही का?"

नाही सांगितलंत. बिलातही ते कुठे नाही. ताई, मी त्या खाचेवर बोट ठेवून बराच वेळ तशीच उभी राहिले. तुमचे आभार कसे मानायचे ते मला अजूनही नीट येत नाही, म्हणून घडलं तसं सगळं लिहून काढलं.

तुमची मोजपट्टी आमच्याकडे राहिलीय. तिसऱ्या ड्रॉवरमध्ये, उजव्या कोपऱ्यात, आईंनी जागा करून ठेवलीय तिला. मला हात लावू देत नाहीत. न्यायला कधी येताय, ते कळवा.

तुमची,
ओट्याच्या 35 इंचांच्या बाजूला उभी राहणारी