समजा, जिन्यात धूर आला तर...

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘समजा’ या एका शब्दावर आमचा कट्टा गेली नऊ वर्षं चालला आहे. पाचपाखाडीतल्या कचराळी तलावाला सकाळी चार-पाच फेऱ्या मारायच्या, घाम पुसायचा, बाकावर टेकायचं आणि मग कुणीतरी सुरुवात करायची, “समजा...” समजा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली. समजा कुणी गळ्यातली चेन खेचून पळाला. समजा घराला आग लागली आणि एकच वस्तू उचलून पळायचंय. या शेवटच्या प्रश्नावर आमचे दोन दिवस गेले. एक जण म्हणाले, फ्लॅटची कागदपत्रं. दुसरे म्हणाले, बायकोला. त्यावर तिसऱ्यांनी शांतपणे विचारलं, “वहिनी वस्तूंत धरायच्या का?”

मंडळी सत्तरीची, पण उत्तरं सगळी पंचविशीतली. आमच्यापैकी कुणीही आजवर एकाही ‘समजा’त घाबरलेलं नाही. चोराचा पाठलाग झाला आहे, लिफ्टमधल्या बायका-मुलांना धीर दिला गेला आहे, एकाने तर मासुंदा तलावात बुडणाऱ्याला कपड्यांसकट उडी मारून काढलं. (यांना पोहता येत नाही, हे मला ठाऊक आहे.) मीही मागे नव्हतो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली सहा सुरक्षा समितीवर. भोंगा वाजला की यंत्र बंद, हातातलं काम टाकायचं, ठरलेल्या वाटेने बाहेर, पिंपळाखाली हजेरी. हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की ‘पिंपळ’ म्हटलं तरी कट्टा हसतो.

गेल्या ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी अडीचच्या सुमारास आमच्या सात मजली इमारतीच्या जिन्यात रबर जळल्यासारखा वास आला. मी चौथ्या मजल्यावर राहतो. दार उघडून सेफ्टी डोअरच्या जाळीतून पाहिलं. समोरचे शेजारीही त्यांच्या जाळीतून पाहत होते.

“वास येतोय का हो?”

“येतोय खरा. मागे कचरा जाळत असतील.”

“असतील.”

दोघांनी दारं लावली. नंतर कळलं की दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या मजल्यावरही थोड्याफार फरकाने हाच संवाद झाला होता. बाहेर धो धो पाऊस पडत होता. त्या पावसात कचरा कोण जाळणार, हा प्रश्न चार मजल्यांवरच्या आठ सुशिक्षित माणसांपैकी एकालाही पडला नाही.

दहा-बारा मिनिटं अशीच गेली. मग पाचव्या मजल्यावर भांड्यांचं काम करणाऱ्या मावशी छत्री झटकत खालच्या पॅसेजमध्ये आल्या, एकट्याच. मीटर रूमच्या दाराखालून धूर निघताना त्यांनी पाहिला आणि पॅसेजमधूनच जी हाक मारली ती सातव्या मजल्यापर्यंत पोचली. “अवो, मीटर पेटलाय! खाली या सगळे!” वॉचमन चहाला गेला होता. मीटर रूमची किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी गावी. शेवटी इस्त्रीवाल्याच्या मुलाने पहारीने कुलूप तोडलं आणि १०१ ला फोनही त्यानेच केला. बंब आला, वीज तोडली गेली. दोन मीटर आणि भिंतीचा रंग एवढ्यावर निभावलं. कुणाला काही झालं नाही म्हणून हे पत्र या सुरात लिहिता येतंय.

आता माझं सांगतो. मावशींची हाक ऐकल्यावर मी काय केलं? शर्ट बदलला. घरातल्या बनियनवर खाली कसं जायचं, म्हणून कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला आणि वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली. मग चष्म्याचं घर शोधलं. जिन्यात आलो तर आमच्या कट्ट्यावरचे एक सभासद, जे आमच्याच इमारतीत वर राहतात, लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबत उभे होते. आगीत लिफ्ट वापरायची नाही, हे त्यांनीच आम्हाला निदान दहा वेळा सांगितलं असेल. खाली लॉबीत लाल सिलिंडर भिंतीवर होता. त्याची पिन ओढून नळी ज्वाळांवर नाही, तर आगीच्या बुडाशी धरायची, हे मला झोपेतही सांगता येईल. त्याच्याकडे माझं लक्षही गेलं नाही.

नात पुण्याला मानसशास्त्र शिकते. फोनवर हे सगळं ऐकून ती हसली नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. म्हणाली, “आजोबा, यावर प्रयोग झालाय, तो पण धुराचाच.” न्यू यॉर्कमधल्या जॉन डार्ली आणि बिब लटाने या दोघांनी १९६८ मध्ये तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना खोलीत बसवून फॉर्म भरायला द्यायचे आणि भिंतीतल्या झरोक्यातून हळूहळू धूर सोडायचा. विद्यार्थी एकटा असेल तर १०० पैकी ७५ जण उठून बाहेर सांगायला गेले. अनोळखी तिघे एकत्र बसवले तर १०० पैकी ३८ गटांतच कुणीतरी उठलं. आणि सोबतचे दोघे आधीच शिकवून ठेवलेले, धुराकडे बघून खांदे उडवणारे असले, तर दहांपैकी एकच उठला. बाकीचे खोकत, डोळे चोळत फॉर्म भरत राहिले. नंतर विचारलं तर कुणाला ती वाफ वाटली होती, कुणाला एसीतली काहीतरी गडबड. म्हणजे त्यांचाही आपला कचराच!

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे. मी आणि शेजारी दोघेही घाबरट नव्हतो. आम्ही एकमेकांचे चेहरे वाचत होतो. ते शांत दिसले म्हणून मी शांत राहिलो, मी शांत दिसलो म्हणून ते. मावशींसमोर वाचायला कुणाचा चेहराच नव्हता, फक्त धूर होता.

याच ठाण्याची २६ जुलै २००५ आठवते. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद पडल्या, माणसं रुळांवरून चालत घरी निघाली. अनोळखी लोकांनी दारं उघडली, चहा दिला, कोरडे कपडे दिले, फोन करू दिले. माणसं तीच होती. पण गुडघाभर पाण्यात उभं राहून “हे संकट आहे का हो?” असं कुणाला विचारावं लागत नाही. आपण चुकतो ते थोडासा वास येत असताना, थोडीशी ओरड ऐकू येत असताना, जिथे धावत गेलो आणि काहीच नसलं तर हसं होईल. मला वाटतं, मरणापेक्षा माणूस हसं होण्याला जास्त भितो. निदान दुपारी अडीच वाजता तरी.

इथे आपल्या व्यवसायाबद्दल थोडं बोलतो, राग नसावा. रस्त्यात काही घडलं की दुसऱ्या दिवशी सगळ्याच वर्तमानपत्रांत ‘बघ्यांची गर्दी’, ‘माणुसकी हरवली’ असे मथळे येतात. वर सांगितलेला प्रयोग सुचला तोही अशाच एका बातमीवरून. १९६४ मध्ये न्यू यॉर्कला किटी जिनोव्हीज या तरुणीचा खून झाला आणि ३८ जण पाहत राहिले, कुणी पोलिसांना फोनसुद्धा केला नाही, असं तिथल्या मोठ्या वर्तमानपत्राने छापलं. जगभर ते पाठ झालं. पुढे कळलं की बहुतेकांनी पाहिलं नव्हतं, नुसतं काहीतरी ऐकलं होतं, आणि एक शेजारीण तर धावत खाली जाऊन शेवटपर्यंत तिला धरून बसली होती. आपली बातमी सदोष होती हे त्या वर्तमानपत्राने २०१६ मध्ये मान्य केलं. बावन्न वर्षांनी! लोक मदत करत नाहीत असं रोज वाचलं की आपण केली नाही तरी चालतं, असं वाटायला लागतं. आमच्या मावशींची बातमी कुठेच आली नाही.

पोलिसांची भीती हा दुसरा मुद्दा. घोडबंदर रोडवर अपघात दिसला तर थांबायचं का, यावर कट्ट्याचं मत पूर्वी एकमुखी होतं. थांबायचं नाही, कोर्टाच्या चकरा मागे लागतात. आता तसं राहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ ला मदत करणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही, नाव-पत्ता सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. हे मी वाचून दाखवलं तेव्हा बाकावरचे निम्मे गृहस्थ मला वकील समजून दुसरेच सल्ले विचारू लागले.

सांगायचं ते हे की आम्ही आता ‘समजा’चे प्रश्न बदलले आहेत. ‘तुम्ही काय कराल?’ हा प्रश्न बंद, त्यावर सगळेच शूर होतात. त्याऐवजी ‘अमुक गोष्ट आत्ता कुठे आहे?’ असं विचारायचं. गच्चीच्या दाराची किल्ली कुणाकडे आहे? (सातपैकी पाच जणांना सांगता आलं नाही.) घरातला मेन स्विच कुठला? आपल्याकडे सिलिंडर आहे की पाइपचा गॅस? हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. पाइपचा हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. वास आला तर दोन्हीत खिडक्या-दारं उघडायची आणि विजेचं एकही बटण चालू-बंद करायचं नाही. पंखासुद्धा लावायचा नाही, आणि सत्तरीतल्या माणसाचा हात तर आधी पंख्याकडेच जातो. कढईतलं तेल पेटलं तर पाणी नाही, झाकण. हे उत्तर मात्र आमच्या बायकांना आधीपासून माहीत होतं. आमच्यातल्या तिघांनी पाणी सांगितलं.

आणि गर्दीत मदत मागायची असेल तर “कुणीतरी फोन करा” असं म्हणायचं नाही. एकाकडे बोट दाखवून “अहो निळा शर्ट, तुम्ही १०१ लावा” असं म्हणायचं. नातीने शिकवलेलं हे एकच वाक्य आमच्या नऊ वर्षांच्या चर्चेपेक्षा जास्त कामाचं निघालं.

कट्ट्याला जमलं नाही ते एकच. ‘लोकलच्या दारात उभं राहू नये’ असं आम्ही एकमताने ठरवत होतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गाडीतून पडून माणसं गेली, तेव्हापासून हा विषय सारखाच निघतो. तेवढ्यात आमच्यातल्या एकाचा मुलगा डबा घेऊन तिथून जात होता. तो थांबला आणि म्हणाला, “काका, सकाळी साडेआठला ठाण्याला चढून दाखवा, मग आत कुठे उभं राहायचं ते सांगा.” आम्ही विषय बदलला. निवृत्त माणसाने धडधाकट माणसाला सुरक्षिततेचे धडे देणं सोपं असतं, आमच्याकडे दुपारची गाडी असते.

सोसायटीच्या सभेत मी दोन गोष्टी मांडल्या. आपल्या राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं, ते फाइलमध्ये कुठे आहे, ही पहिली. चर्चा लांबली, चहा आला, उत्तर पुढच्या सभेवर गेलं. दुसरी गोष्ट मंजूर झाली. मीटर रूम आणि गच्ची या दोन्हींच्या जादा किल्ल्या तळमजल्यावर काचेच्या पेटीत लटकवायच्या. चोरीला जातील, असं सेक्रेटरी म्हणाले. आठ महिने झाले, अजून गेलेल्या नाहीत. परवा मात्र पेटीसमोर कुणीतरी सायकल लावून साखळीने बांधून ठेवली होती. मावशींनी मला वर येऊन सांगितलं. त्या वेळी मी बनियनवर होतो, तसाच खाली गेलो.

आपला,
एक वाचक
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)